चिमणीच्या पोटातला दिवा

वाटी पडली. स्टीलची, रिकामी. पडून थांबली नाही, फरशीवर गरगरत राहिली, आणि तो आवाज स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून बेडरूममध्ये आणि तिथून कपाटाच्या बंद दाराआड बसलेल्या शलाकापर्यंत आला. मग वाटी बसली आणि घर पुन्हा गप्प झालं.

शलाकाच्या उजव्या मनगटावरचा पट्टा बारीक थरथरला. समोर स्क्रीनवर आठ वर्षांची रुही मान वाकडी करून ऐकत होती.

"ताई, काय पडलं?"

"वाटी गं. आमच्या वाट्यांना मधूनच पाय फुटतात."

रुही खुदकन हसली. पट्टा निवला. शलाका मात्र डाव्या मनगटाकडे बघत राहिली. तिथेही तसाच एक पट्टा होता आणि तो थरथरायची ती वाट बघत होती. आता रडेल. आता 'आई' म्हणून हाक मारेल. पाच वर्षांची पोर, हातातून वाटी सुटलीय, कदाचित पायावरच पडली असेल. पण डावा पट्टा ढिम्म. तिनं फळीखाली फोन तिरका करून पाहिलं. हिरवा.

'शहाणी गं माझी बाय ती,' असं मनात म्हणून ती परत रुहीकडे वळली.

उजव्या हातावर रुही, डाव्या हातावर जुई. सांगलीत विश्रामबागेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये शलाकाच्या दुपारी अशा चालायच्या. आणि कपाट म्हणजे खरोखरच कपाट बरं का. बेडरूमच्या भिंतीतलं, पुरुषभर उंचीचं. तन्मयनं, तिच्या नवऱ्यानं, त्यातले कप्पे काढून आतून दोन्ही बाजूंना गोधड्या ठोकून दिल्या होत्या. आत एक स्टूल, एक फळी, फळीवर लॅपटॉप आणि मानेवर वारा घालणारा वीतभर पंखा. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून एवढा खटाटोप. साड्या मात्र दिवाणात गेल्या होत्या आणि त्यांना आता सतत डांबरगोळ्यांचा वास यायचा.

रुही राहायची ऑस्ट्रेलियात, पर्थला. तिच्या आईबाबांना मुलीनं कोडिंग शिकावं आणि जमलं तर त्याच तासात मराठीही टिकावी असं वाटायचं, म्हणून त्यांनी मुद्दाम मराठी शिक्षिका मागून घेतली होती. एक शिक्षिका, एक मूल, मध्ये कोणी नाही. नवरात्र जवळ आलं होतं, तर शलाकानं 'जर-तर' शिकवायला भोंडल्याची खिरापत काढली. पाटावर हत्ती काढायचा, त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेल्या डब्यात काय आहे ते ओळखायचं. गोड की तिखट? चमच्यानं खायचं की हातानं? तळलेलं की वाफवलेलं? एकेका उत्तरानं निम्मे पदार्थ गळत जातात आणि ओळखणारी डब्याच्या जवळ जवळ येत जाते. कॉम्प्युटरही नेमका असाच ओळखतो, असं शलाकानं सांगितल्यावर रुही खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारायला लागली होती.

पण आज तिचा प्रोग्राम कशालाही करंजी म्हणत होता. तिखट? करंजी. चमच्यानं? करंजी.

"ताई, हा वेडा झाला आहे."

"हट्टी आहे गं. सासरी आलेल्या जावयासारखा करंजीवरच अडून बसलाय."

रुही हसली नाही. बोटं कळफलकावर थबकली. शलाका गप्प राहिली. उजव्या मनगटाची वाट बघत राहिली. अजून नाही. अजून नाही. आणि मग तो थरथरला, एकदाच, लांब. त्याच क्षणी ती हळूच म्हणाली, "रुही, 'तर'नंतरची ओळ कुणाच्या पोटात आहे?"

"ओह!" रुही ओरडली. "ती बाहेर आहे! तिला आत घ्यायला पाहिजे!"

झालं. ओळ 'जर'च्या आत सरकली आणि डब्यातून शेव निघाली.

या थरथरण्याला शलाकाची ऑनलाइन शिकवण्यांची कंपनी 'चाहूल' म्हणायची. माणूस अडतो तेव्हा ते आधी डोळ्यांत दिसतं. डोक्यावर भार आला की डोळ्यातली काळी बाहुली किंचित रुंदावते. भार पेलवेनासा झाला की आकसते. पापण्या लवायच्या थांबतात, श्वास वरच्यावर होतो, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर गालाचा रंग इतकासाच बदलतो की माणसाच्या डोळ्याला तो दिसू नये. कॅमेऱ्याला दिसतो. हे सगळं एकत्र वाचायला यंत्र शिकलं, तेव्हा असं लक्षात आलं की अडणं आणि सोडून देणं यांच्यामध्ये एक बारीकशी कडा असते. कडेच्या अलीकडे मदत केली तर मुलाला तिची भूक नसते. पलीकडे केली तर मूल मिटून गेलेलं असतं. बरोब्बर कडेवर मात्र अर्धा शब्दसुद्धा पुरतो आणि तो जन्मभर राहतो. साठ पोरांच्या वर्गात कुठल्या बाईंना ती कडा दिसणार? चाहुलीला दिसायची. मग ती शिक्षिकेच्या मनगटाला सांगायची, आणि शिक्षिका बोलायची.

प्रत्येक मुलाची कडा वेगळी, आणि ती शिक्षिकेच्या आवाजागणिकही बदलते. म्हणून यंत्राला मूल आणि शिक्षिका अशी जोडी जुळवायला कितीतरी आठवडे लागत. एकदा जुळली की मुलं वाऱ्यासारखी शिकत. बीएस्सी होऊन, लग्न होऊन, जुई होऊन घरात बसलेल्या शलाकाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं होतं की तू या कामात फार चांगली आहेस. ते खरंही होतं. रुहीशी तिची जोडी कंपनीत नावाजलेली होती.

आणि घरी लहान मूल असलेल्या शिक्षिकांचं काय? त्यांच्यासाठी चिमणी होती. खऱ्या चिमणीपेक्षा जरा मोठी, मातकट रंगाची, डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे आणि पोटात दिवा. ती टीव्हीशेजारी बसून जुईकडे बघायची. हिरवा म्हणजे मूल बरं आहे. पिवळा म्हणजे येऊन बघा. लाल म्हणजे पळा. तोच रंग शलाकाच्या फोनवर दिसायचा, आणि हिरवा गेला की तिचा डावा पट्टा थरथरणार होता. मुलाला शांत वाटावं म्हणून दिवा सावकाश उजळायचा आणि सावकाश मंदावायचा, झोपलेल्या बाळाच्या पोटासारखा. समोरच्या काकूंकडे घराची किल्ली होती खरी, पण ती वापरायची वेळ कधी आली नव्हती. गेले कित्येक महिने शलाकाच्या घरचा दिवा हिरवा होता. कंपनीच्या ग्रुपवर बाकीच्या आया विचारायच्या, "तू मुलीला घालतेस तरी काय गं?"

धडा संपवून ती बाहेर आली. जुई हॉलमध्ये मांडी घालून बसली होती. वाटी उचलून ओट्यावर नीट पालथी घातलेली. शलाका तिला जवळ घ्यायला वाकली आणि तिचं लक्ष पायाकडे गेलं. उजव्या अंगठ्याचं नख निळं पडलं होतं.

"अगं बाई! लागलं का तुला?"

जुईनं तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे, टीव्हीच्या दिशेनं पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

"निळं झालंय की गं."

"नाही लागलं."

शलाकानं अंगठ्याला हळद लावली. पोर ओरडली नाही, पाय मागे घेतला नाही. शलाकाला कौतुकच वाटलं, आणि कौतुकाच्या मागून काहीतरी बारीकसं टोचलंही. पण पुढचा धडा होता.

रात्री जेवताना तिनं ते तन्मयला सांगितलं. तन्मय कुपवाडच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. दिवसभर यंत्रांचे आवाज ऐकून आल्यामुळे त्याला घरातली शांतता फार आवडायची.

"रडली नाही तर तुझी तक्रार, रडली असती तरी तुझी तक्रार," तो भाकरी मोडत म्हणाला. "मी लहानपणी एवढ्याशा खरचटण्याला गल्ली गोळा करायचो. आई अजून सांगते."

"तेच म्हणतेय मी. ही का नाही करत?"

"तुझ्यावर गेलीय. सोशीक." त्यानं फोन उचलून दाखवला. "हे बघ. दिवसभर हिरवा. माझ्या कारखान्यातली एक मशीन असं रेकॉर्ड देत नाही."

"ती मशीन नाहीये, तन्मय."

"अगं, बोलायची पद्धत." मग तो जुईकडे वळला. "काय जुईबाई, आमटी आवडली का?"

जुईनं मान वळवून टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो."

तन्मयनं 'झालं समाधान?' अशा नजरेनं शलाकाकडे पाहिलं.

बालवाडीतला भोंडला शुक्रवारी होता. शलाकानं एक धडा पुढे ढकलून घेतला आणि खिरापतीला वाटली डाळ घेऊन गेली. पटांगणात हत्तीभोवती पोरी फेर धरून बेंबीच्या देठापासून गात होत्या. एकीचा परकर सुटला होता, एक दुसरीच्या वेणीला लोंबकळत होती. जुई फेरात होती. पाय बरोबर टाकत होती. तोंड मात्र मिटलेलं होतं.

बालवाडीच्या कुंदाताई शलाकाजवळ येऊन बसल्या. गुडघे दुखत असल्यामुळे त्या बसताना 'आई आई गं' म्हणायच्या आणि बसल्यावर स्वतःलाच हसायच्या.

"जुईची आई, एक गंमत सांगू? मघाशी पोरींना पोहे वाढले. हिनं बशी पुसून खाल्ली. म्हटलं, जुई, अजून हवेत का गं? भूक आहे का? तर म्हणते कशी, 'माहीत नाही. दिवा घरी आहे.'"

आजूबाजूच्या दोघीतिघी आया हसल्या. शलाकाही हसली.

"म्हटलं, दिव्याला काय विचारायचंय, पोटाला विचार की!" कुंदाताई म्हणाल्या. "तर नुसती बघत बसली माझ्याकडं. त्या दिवशी शी-शूचंही तसंच. वर्गातच झाली. दुसरी पोर रडून गोंधळ घालते, ही आपली उभी. ओल्या चड्डीत. तुम्हाला सांगणारच होते, पण म्हटलं, होतं एखाद्या वेळी." त्यांनी शलाकाचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "घरात काही झालंय का हो?"

"नाही हो. घरी छान असते. अगदी शांत असते."



घरी आल्यावर तिनं जुईला खेळायला बसवलं आणि स्वतः तिच्या मागे भिंतीला टेकून बसली. कंपनीला कळवलं की डोकं दुखतंय. ते खोटं नव्हतं. जुईनं ठोकळे काढले, मनोरा रचला. मनोरा पडला. पडल्याबरोबर तिचे खांदे वर उचलले गेले, श्वास भरला गेला, आता हुंदका फुटणार म्हणून शलाकानं दोन्ही हात पुढे केले. पण जुईनं मान वळवली आणि चिमणीकडे पाहिलं. दिवा सावकाश उजळला. जुईचं पोट वर आलं. दिवा मंदावला. पोट खाली गेलं. उजळला, वर. मंदावला, खाली. चार श्वासांत खांदे उतरले. दिवा हिरवाच होता. जुईनं पुन्हा ठोकळे हातात घेतले.

 शलाका मुलांना रोज जे शिकवायची तेच तिच्या डोळ्यांसमोर चाललं होतं.

दिवा जुईचा श्वास मोजत होता. जुई दिव्याकडे बघून श्वास घेत होती. म्हणजे दिवा स्वतःलाच मोजत होता आणि स्वतःलाच हिरवं म्हणत होता. कोडिंगमध्ये याला लूप म्हणतात. फेर धरल्यासारखी तीच तीच ओळ फिरत राहते. प्रत्येक लूपला बाहेर पडायची एक अट लिहावी लागते, नाहीतर तो कधीच थांबत नाही आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सगळं व्यवस्थित चाललंय. रुहीला ती पहिल्याच महिन्यात म्हणाली होती, आधी दार लिही आणि मग खोली बांध. इथे दार लिहायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि जुई त्या खोलीत बसून गेले कित्येक महिने दुखलं की दिव्याला विचारत होती, भूक लागली की दिव्याला विचारत होती. दिवा म्हणत होता, तू बरी आहेस.

दुसऱ्या दिवशी तिनं कंपनीतल्या निनाद सरांना फोन लावला. निनाद सर शिक्षिकांचे प्रमुख. वयानं तिच्याहून लहान, स्वभावानं गोड, आणि कधीही घाईत नसलेला माणूस.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "शलाका मॅडम, पण हे तर तिचं कामच आहे ना? मुलाला शांत करणं?"

"ती शांत होत नाहीये, सर. ती दिव्याची नक्कल करतेय."

"आपण लहानपणी आईच्या श्वासाबरोबर झोपायचोच की. तसंच समजा."

"आईला कळायचं हो, पोर झोपलीय की झोपेचं सोंग करतेय!"

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. मग सर मऊ आवाजात म्हणाले, "मी तुमचा डेटा उघडलाय. इतका स्थिर आलेख आमच्याकडे दुसरा नाही. काळजी करावी असं त्यात काहीच दिसत नाहीये. तुम्हाला स्वतःला विश्रांती हवीय का?"

आता या माणसाला कसं पटवायचं? पुरावा होता तो चिमणीकडे, आणि चिमणी तर हिरवी.

"मी चिमणी बंद केली तर?"

"मग धडे थांबतील. घरी लहान मूल असताना चिमणीशिवाय वर्ग घेता येत नाही, तो नियम तुमच्याच भल्यासाठी आहे. पुन्हा चालू केलीत तर तिला मूल नव्यानं ओळखायला सहा-आठ आठवडे लागतील. तेवढ्यात रुहीची जोडी मोडेल. आणि मॅडम, रुहीचं तुम्हाला माहीत आहे."

तिला माहीत होतं. त्याच संध्याकाळी रुहीच्या आईचा, अदितीचा, फोन आला. सरांनीच कळवलं असावं.

"शलाका, तू सोडतेयस का?"

"अजून काही ठरलं नाही."

"नको गं सोडूस. प्लीज. आधीच्या ताई गेल्या तेव्हा काय झालं होतं तुला सांगते. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या आणि ही दोन क्षणांत किंचाळायला लागायची. तिला थांबताच यायचं नाही. आम्ही बोलायला एवढासा उशीर केला तरी भांडी फेकायची. मी आई आहे तिची, मला तिची वेळ साधत नाही. तुला साधते."

"मलाही साधत नाही, अदिती. पट्टा साधतो."

"कोणी का असेना," अदिती म्हणाली, आणि रडायला लागली.

फोन ठेवल्यावर शलाका बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. एका पोरीला कडेवर इतक्या वेळा झेललं की पडणं काय असतं ते तिला ठाऊकच नव्हतं. दुसरीला कडा आहे हेच विसरायला लावलं होतं. पहिलीला सोडलं तर ती कोसळणार होती. दुसरीला सोडलं तरी ती काहीच बोलणार नव्हती. आणि आपल्याला इतके दिवस बोलणाऱ्या पोरीचंच ऐकू आलं, हे शलाकाला त्या क्षणी नको इतकं स्पष्ट कळलं.

तन्मय आल्यावर तिनं त्याला जुईच्या मागे बसवलं आणि मनोरा पाडायला सांगितलं. त्यानं पाडला. त्यानं पाहिलं. जुईची मान दिव्याकडे वळली, पोट दिव्याबरोबर वर-खाली झालं.

"कामावर असं झालं तर आम्ही सेन्सर बदलतो," शेवटी तो म्हणाला.  "इथं काय करायचं?"

"बंद करायचं."

"आणि तू? तुझं काम?"

"माहीत नाही."

"ती रुही?"

"माहीत नाही रे. मला काहीच माहीत नाही, म्हणून तर तुला विचारतेय."

त्यानं तिच्या दोन्ही मनगटांकडे पाहिलं. पट्ट्यांखाली कातडी पांढरी पडली होती, घड्याळाखाली पडते तशी. त्यानं ती हातात धरली. 

सोमवारी दुपारी जुईला जेवू घालून शलाका टीव्हीजवळ गेली. चिमणीच्या पोटाखाली छोटीशी कळ होती. आजवर तिला बोट लागलेलं नव्हतं. जुई पाठमोरी बसून चित्र रंगवत होती. शलाकानं कळ दाबून धरली. हिरवा दिवा एकदा उजळला, मंदावला, आणि पुन्हा उजळला नाही.

मग ती कपाटात गेली. चिमणी विझल्यावर थोड्याच वेळात धडा आपोआप तुटणार होता. तेवढ्या वेळात रुहीला सांगायचं होतं. काय सांगायचं, ते ठरलेलं नव्हतं.

"ताई! मी नवीन खिरापत टाकली. तू ओळख!"

"रुही, आधी ऐक. आज मी एक वेगळं करणार आहे." शलाकानं उजव्या हातावरचा पट्टा सोडला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. "हा मी काढला. आता तू अडलीस तर मला लगेच कळणार नाही. उशीर होईल. पण मी इथेच आहे."

रुहीचा चेहरा आक्रसला. "का?"

"कारण मला उद्यापासून काही दिवस येता येणार नाहीये बाळा. आणि तू अडलीस की काय होतं ते आपण दोघींनी एकदा एकत्र बघून ठेवू या."

"नको. घाल तो. ताई, घाल ना!"

रुहीचा श्वास चढत गेला. डोळे भरले. शलाका तिच्याकडे बघत होती आणि तिला काही कळत नव्हतं. ही कडा आहे का? गेली का? आता बोलू का? मनगट उघडं पडलं होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती त्या पोरीकडे नुसत्या डोळ्यांनी बघत होती. रुहीच्या कपाळावर डावीकडे एक तीळ होता. हा कधीपासून आहे?

"मला नाही आवडत असं," रुही हुंदके देत म्हणाली. "तू बोल. काहीपण बोल."

"मी आहे गं. रड तू. मी आहे."

"अनफेअर आहे!" आणि ती मोठ्यानं रडायला लागली. ते रडणं त्या गोधड्यांच्या भिंतींत कोंडून राहिलं.

तेव्हा कपाटाच्या दारावर टकटक झाली.

शलाकाला आधी ती ओळखूच आली नाही. या दारावर आजवर कोणी टकटक केली नव्हती. लाल दिवा लागला तरच दार उघडायचं, नाहीतर आई कामात आहे, हे त्या घरात धडे सुरू झाले त्या दिवसापासून ठरलेलं होतं. पुन्हा टकटक. हलकी, एकाच बोटानं केलेली.

स्क्रीनच्या कोपऱ्यात लिहून आलं होतं की धडा थोड्या वेळात थांबेल. रुही रडत होती, "ताई, जाऊ नको!" शलाकानं एक हात स्क्रीनवर ठेवला, जणू तिच्या गालावर ठेवावा तसा, आणि दुसऱ्या हातानं दार ढकललं.

बाहेरचा उजेड एकदम आत आला. दारात जुई उभी होती. हातात निळा खडू. गालावर निळा रंग. डोळे कोरडे. ती आत आली नाही. तिनं आधी आईकडे पाहिलं, मग तिच्या मागे रडणाऱ्या त्या अनोळखी मुलीकडे, आणि मग पुन्हा आईकडे.

"आई, चिमणी विझलीय."

"हो राणी. मी बंद केली."

"परत लागणार नाही?"

"नाही."

जुई विचार करत उभी राहिली. खडू एका हातातून दुसऱ्या हातात गेला. शलाका गुडघ्यांवर खाली बसली, तोंडासमोर तोंड आलं. तिनं त्या चेहऱ्यात शोधलं. भुवया, ओठ, हनुवटी, पोटाशी असताना पाठ केलेला हा चेहरा. घाबरलीय? रागावलीय? भूक लागलीय? नुसतीच आलीय? काही वाचता येईना. मागे रुहीचं रडणंही ओसरलं होतं. ती नाक ओढत स्क्रीनमधून या दोघींकडे बघत होती, जणू उत्तर तिलाही हवं होतं.

जुईनं रंगानं माखलेला हात आईच्या गालावर ठेवला आणि अगदी हळू, तिला खरोखरच जाणून घ्यायचंय अशा आवाजात विचारलं,

"मग आई, आता मी कशी आहे?"